नांदूर मध्यमेश्वर, दसरा ते देवदिवाळी: तारीख नको, आधी पाणी बघा

गोदाकाठ

"नांदूर मध्यमेश्वरला पक्षी आले का?" हा प्रश्न घटस्थापनेपासून सगळीकडे सुरू होतो आणि उत्तरं कायम तारखेत येतात. कोणी म्हणतं दसऱ्यानंतर जा, कोणी म्हणतं डिसेंबरशिवाय काही नाही. पाहुणे पक्षी खरं तर ऑगस्ट संपता संपताच उतरायला लागतात. ते आपल्याला दिसतात की नाही, आणि कुठे दिसतात, हे बंधाऱ्यात पाणी किती आहे यावर ठरतं. आश्विन-कार्तिकात तिथे काय बघायचं, कसं ओळखायचं आणि कुठे चुकतं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा काढतो आहे. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे त्याने ते लिहावं.

जागेबद्दल थोडक्यात. निफाड तालुक्यात, नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ च्या दरम्यान हा दगडी बंधारा बांधला गेला. गोदावरी इथे येते ती वाटेत दारणासांगवीला दारणेला पोटात घेऊन. तीन नद्यांचा गाळ शंभर वर्षं साचला, त्यातून बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणकणीस हे उंच पाणगवत माजलं आणि पक्ष्यांना हवी तशी जागा तयार झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. डॉ. सालिम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, ते नाव अजून टिकून आहे. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतलं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची यादी) राज्यातलं पहिलं ठिकाण म्हणून याची घोषणा झाली.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. अभयारण्याचं क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर आहे, पण रामसर पाणथळ त्यातली १,४३७ हेक्टर. बाकी सगळी चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे अशा गावांची शेतं, ऊस आणि द्राक्षबागा. पक्षी ही हद्द मानत नाहीत, तेव्हा बघणाऱ्यानेही फक्त निरीक्षण मनोऱ्यावर बसून राहू नये.

रविवारपेठ

धागा अगदी वेळेवर आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरतंय. बरोबर दोन मुलं आहेत, आठ आणि अकरा वर्षांची. एक ८×४० ची दुर्बीण आहे. तुम्ही म्हणता पाणी बघा, पण घरबसल्या पाणी बघायचं कसं? आणि जास्त पाणी चांगलं की कमी?

कादवाकाठ

जास्त किंवा कमी असं सरसकट उत्तर नाही, कारण प्रत्येकाची खोली वेगळी. छोटे टिलवे आणि कंठेरी चिखल्या या काठच्या लहान पक्ष्यांना ओला चिखल किंवा बोटभर पाणी लागतं. तुतवारांना त्याहून थोडं जास्त चालतं. शेकाट्या आणि गॉडविट हे लांब पायांचे पक्षी वीतभर पाण्यातसुद्धा चरतात. चक्रांग बदक चोच पाण्यावर फिरवत काठाकाठाने जातं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते शेपूट वर करून चक्रांगापेक्षा बरंच खोलवरचं खाऊ शकतं. चमचे (चपट्या, चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी) त्यांच्या गुडघाभर पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतात. लालसरी बदक आणि वारकरी हा काळा पाणपक्षी बुडी मारतात, त्यांना खोल पाणी चालतं.

आता बंधारा काठोकाठ भरला की काय होतं बघा. चिखल सगळा पाण्याखाली जातो आणि एका फटक्यात तुतवार, टिलवे, चिखल्या यांची जेवणाची जागा संपते. ते निघून जातात असं नाही, आसपासच्या शेततळ्यांवर, पाझर तलावांवर, सोयाबीन काढलेल्या ओल्या वावरात पांगतात. त्या दिवशी मनोऱ्यावरून नुसतं पाणी आणि चार पाणकावळे दिसतात, आणि माणूस परत येऊन सांगतो की "यंदा पक्षीच नाहीत".

घरबसल्या बघायचं म्हणजे वर्तमानपत्रात नाशिकच्या धरणांचा विसर्ग येतो त्यात नांदूर मध्यमेश्वरचा आकडा बघायचा. जायकवाडीकडे जाणारं पाणी याच बंधाऱ्यावरून जातं. विसर्ग सुरू असेल तर पाणी गढूळ आणि ओढीचं असतं, काठ बुडालेले असतात. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळला की हेच होतं. शिवाय वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही हे १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरतं, त्यामुळे टंचाईच्या वर्षी पाऊस संपल्यावरही अचानक लोंढा येऊ शकतो. विसर्ग थांबला, आणि त्यानंतर कालव्यांना पाणी जाऊन पातळी हळूहळू उतरायला लागली, की काठाला रोज नवा चिखल उघडा पडतो. या ताज्या चिखलात किडे-अळ्या भरपूर असतात. जुना, वाळून भेगा पडलेला चिखल पक्ष्यांच्या काही कामाचा नाही. म्हणजे पातळी किती आहे याहून ती उतरते आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

शेकाट्या

+१. जागेवर पोचल्यावर खोली मोजायची सोपी खूण देतो. पाण्यात शेकाट्या शोधा. काळे पंख, पांढरं अंग, लांबलचक गुलाबी पाय, लहान मुलालाही ओळखता येतो. तो उभा आहे तिथे पाणी पोटाला टेकलं असेल तर साधारण वीतभर खोली. पायाच्या मधल्या सांध्यापर्यंत असेल तर चार-पाच बोटं. फक्त पंजे भिजले असतील तर तुतवार आणि टिलवे त्याच्या आसपासच असणार, तिथे दुर्बीण लावून बसा. शेकाट्या पोहताना दिसला तर त्या कोपऱ्यातून लहान चिखलपक्ष्यांची आशा सोडा आणि बदकांकडे वळा.

शेकाट्या बारा महिने इथलाच, पण हिवाळ्यात त्यांची संख्या बरीच वाढते. हाच नियम वारकऱ्याला. "स्थानिक पक्षी" आणि "पाहुणा पक्षी" अशी सरळ वाटणी करायला जाऊ नका.

दुर्बीण_आणि_वही

बदकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण दिवाळीत सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पुस्तकात नराची चित्रं रंगीत असतात. ऑक्टोबरमध्ये समोर दिसतो तो सगळा तपकिरी घोळका. याचं कारण असं की उन्हाळ्यात पिलं झाल्यावर नर आपली भडक पिसं टाकतात, उडायची पिसंही एकदमच गळतात, आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या काळात लपून राहायला मादीसारखा रंग बरा. उड्डाणपिसं तिकडेच नवी येतात, पण अंगावरचे रंग इथे आल्यावर हळूहळू चढतात. तलवार बदकाचे नर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी सजतात. थापट्या त्याहून सावकाश. गार्गनी तर सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात येते, आणि तिचा नर हिवाळा अर्धा सरेपर्यंत मादीच्याच वेशात असतो.

म्हणून या दिवसांत रंग सोडा, आकार आणि चोच धरा.

थापट्या: चोच पुढे रुंद, डोक्यापेक्षा मोठी वाटते, पोहताना ती पाण्याला टेकलेलीच. तलवार बदक: मान लांब आणि सडपातळ, चोच राखाडी, चेहऱ्यावर कसलीही रेघ नाही, शेपूट अणकुचीदार. चक्रांग: सगळ्यात लहान, चेहरा साधा, शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट रेघ. गार्गनी चक्रांगापेक्षा किंचितच मोठी, पण चेहरा पट्ट्यांचा: डोळ्यातून गडद रेघ, तिच्या वर फिकट भुवई, चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका आणि गालावर आणखी एक गडद रेघ. हा ठिपका दिसला की गार्गनी म्हणायला हरकत नाही. गडवाल: चोचीच्या कडा नारिंगी आणि पंखावर पांढरा चौकोन, जो बसलेला असताना कधी दिसतो कधी नाही. विजन: डोकं गोल, चोच लहान आणि निळसर राखाडी, पोट पांढरं, आणि बदक असूनही काठावर येऊन गवत चरतं.

हळदी-कुंकू बदक इथलंच. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके, नाव विसरायची सोय नाही. त्याची वीण पावसाळ्यात आणि नंतरही चालते, त्यामुळे ऑक्टोबरात मागे पिलांची रांग असू शकते. मुलांना ते नक्की दाखवा.

थापट्याचं एक वागणं बघण्यासारखं आहे. पाच-दहा जण गोल धरून पोहतात, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीमागे पाण्यात. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव मागचा गाळून घेतो. चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पाणी बाहेर जातं आणि खाणं आत राहतं. असा फिरता घोळका दिसला की ते थापटेच, रंग बघायची गरजच नाही.

रविवारपेठ

हे फारच उपयोगी आहे, वहीत उतरवून घेतलं. एक विचारू का? दूरवरचे सगळे काळे ठिपके मला बदकंच वाटतात. वारकरी आणि बदक लांबून वेगळे कसे ओळखायचे?

दुर्बीण_आणि_वही

वारकरी काळाकुट्ट, पाठ गोल, कपाळावर पांढरा टिळा, आणि पोहताना प्रत्येक वेळी मान पुढे-मागे हलते. बदकाची मान स्थिर. वारकरी उडायला लागला की आधी बराच वेळ पाण्यावरून धावतो. चक्रांग किंवा गार्गनी सरळ पाण्यातून वर उसळतात.

वारकऱ्यांच्या थव्यावर घाईने दुर्बीण फिरवू नका. वारकरी बुडी मारून तळाची पाणवनस्पती वर आणतो, आणि शेजारी टपून असलेले गडवाल आणि विजन ती त्याच्या चोचीतून ओढून घेतात, कारण त्यांना तेवढी खोल बुडी जमत नाही. वारकऱ्यांच्या गर्दीत तपकिरी पाठ दिसली तर ती याच दोघांपैकी एकाची असण्याची शक्यता मोठी.

तुतवार

चिखलपक्ष्यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ऑक्टोबर हा त्यांचा खरा महिना. बरेचसे प्रौढ पक्षी ऑगस्टातच येतात आणि त्या वर्षीची पिलं मागाहून, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पिलांची पिसं ताजी, कडांना फिकट किनार असलेली, त्यामुळे पाठ खवल्यांसारखी दिसते. प्रौढांची झिजलेली आणि मळकट. एकाच जातीचे दोन वेगळे पक्षी वाटतात ते यामुळे.

सुरुवातीला तीनच तुतवार पक्के करा. साधा तुतवार: खांद्यापाशी छातीचा पांढरा रंग वर घुसलेला, शेपूट सारखी वर-खाली, एकटा, दगडावर किंवा बंधाऱ्याच्या भिंतीवर. उडताना पंख थरथरवत पाण्यालगत जातो आणि कमरेवर पांढरं नसतं. ठिपक्यांचा तुतवार: पाठीवर दाट ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई, पाय पिवळसर, कमरेवर पांढरं, ओल्या वावरात आणि चिखलात, बहुधा चार-सहा जण. हिरवा तुतवार: वरून गडद, उडाला की पांढरी कंबर एकदम उठून दिसते आणि पंखाखालची बाजू काळसर. त्याला नाला, चर, पाटाची कड आवडते.

हे तिघे डोळ्यांत बसले की मग हिरव्या पायांचा तुतवार घ्या. तो मोठा, चोच जाड आणि किंचित वर वळलेली, उडताना तीन स्पष्ट शिट्ट्या. टिलव्यांत छोटा टिलवा काळ्या पायांचा आणि टेमिंकचा टिलवा पिवळट पायांचा. पायाला चिखल लागलेला असेल तर या दोघांवर पैज लावू नये.

पाणलावा काठाच्या गवतात असतो आणि पायाशी येईपर्यंत हलत नाही. मग एकदम नागमोडी उडतो. पंखाच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी दिसली तर साधा पाणलावा, नसेल तर बहुधा सुईशेपटीचा. पण त्याला उठवायला गवत तुडवत फिरू नका. उठणारच असेल तर तो आपल्या चालण्याने आपोआप उठेल, मुद्दाम उठवायचा नाही.

गोदाकाठ

तुतवारताई, फार नेमकं लिहिलंत. यात कमळपक्ष्याची भर घालतो. पावसाळ्यात लांब शेपूट असलेला जो पक्षी फोटोत दिसतो तो दिवाळीपर्यंत शेपूट गाळून बसलेला असतो. मग तो कोणी ओळखत नाही. शिंगाड्याच्या किंवा कमळाच्या पानांवर चालणारा, फार लांब बोटांचा, मानेच्या बाजूला काळी रेघ आणि फिकट सोनेरी झाक असलेला दिसला तर तोच. उडाला की पंख पांढरेशुभ्र. त्याच्यात अंडी नर उबवतो आणि पिलंही तोच सांभाळतो, त्यामुळे आश्विनात उशिराच्या पिलांमागे जो मोठा पक्षी दिसतो तो बाप.

जांभळी पाणकोंबडी पाणकणसात हमखास. तिच्यासाठी थांबायला लागत नाही.

सिन्नरकर

पाणी आणि खोलीवरून मूळ मुद्दा विचारतो. इतका गाळ साचला आहे तर बंधाऱ्याची साठवण घटली आहे. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर गाळ काढायला हवा. पक्ष्यांच्या बाजूने काय?

कादवाकाठ

प्रश्न रास्त आहे आणि दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बघायला हवा. डावा आणि उजवा कालवा याच बंधाऱ्यावरून निघतात, खाली कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती त्यावर आहे. पण हे साठवणीचं धरण नाही, वरच्या धरणांतून आलेलं पाणी वळवून कालव्यांत घालणारा बंधारा आहे. साठा मुख्यतः वर गंगापूर, दारणा वगैरे धरणांत.

सगळा गाळ एका पातळीत उपसला तर बशीसारखा उतरता तळ जाऊन हौदासारखा उभा काठ होईल. उतार जितका सौम्य, तितका वीतभर पाणी उतरल्यावर उघडा पडणारा चिखलाचा पट्टा रुंद. उभ्या काठावर तेवढंच पाणी उतरलं तरी हातभरसुद्धा चिखल मिळत नाही. गंगापूर धरणावर पाणी भरपूर असूनही चिखलपक्षी आणि चरणारी बदकं इतकी दाट का नसतात, याचं मोठं कारण हेच. काढायचाच असेल तर मुख्य प्रवाहातला काढावा, बेटं आणि उथळ कडा सोडाव्यात, आणि काम फेब्रुवारीच्या आधी सुरू करू नये. माझ्या मते खरा त्रास गाळाचा कमी आणि जलपर्णीचा जास्त आहे. वरून सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, आणि पूर आला की तिचे ताटवे तरंगत येऊन बंधाऱ्याला अडतात. तिच्याखाली ऊन पोचत नाही, तळची वनस्पती मरते, आणि वारकऱ्यापासून गडवालपर्यंत सगळ्यांचं खाणं जातं. शिवाय मोकळं पाणी दिसलं नाही तर बदकं वरून उतरतच नाहीत.

आणखी एक. रामसरच्या नोंदीत इथल्या माशांमध्ये देवळाली मिनो हा अतिधोक्यातला मासा आहे. नावातच आपलं देवळाली आहे. पाणथळ म्हटलं की आपण पक्ष्यांचीच यादी करतो. मासे आणि तळ विसरला तर पक्षीही टिकणार नाहीत.

शिवारफेरी

शेताच्या बाजूने लिहितो. खाणगाव थडी आणि चापडगावकडे जाताना बांधाने चालायचं असेल तर या गोष्टी पाळा.

ऊस उंच असतो आणि निफाड तालुक्यात उसात बिबट्या असतो. सूर्योदयाआधी आणि दिवेलागणीनंतर उसाच्या कडेने पायी जाऊ नका, लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. ऑक्टोबरात सोयाबीन काढून झालेलं असतं, उंदीर उघड्यावर येतात आणि त्यांच्या मागे घोणस येते. बूट घोट्याच्या वरचे घाला आणि पाय ठेवायच्या आधी बघा. पाण्यात आणि काठावर दिसणारी दिवड बिनविषारी, तिला मारायचं कारण नाही.

द्राक्षबागांत या दिवसांत गोडी छाटणी आणि फवारणीची धांदल असते. फवारा सुरू असलेल्या बागेच्या वाऱ्याखालून जाऊ नये, आणि विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नये. गाडी बांधावर किंवा पाटाच्या रस्त्यावर आडवी लावली की उसाचा ट्रॅक्टर अडतो. गावकरी आणि पक्षीमित्र यांच्यातली बरीच कुरबुर एवढ्याच कारणाने होते.

तंगूस हा मोठा धोका. मासेमारीचा तुटलेला बारीक नायलॉनचा दोर काठावर पडलेला असतो. पाणपक्षी चिखलात चालतो, दोर पायाच्या बोटांत अडकतो, ओढला की फास बसतो आणि काही दिवसांत रक्त थांबून बोट किंवा पंजा झडतो. एका पायावर लंगडणारा शेकाट्या किंवा तुतवार दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. काठावर तंगूस दिसला तर गुंडाळून खिशात घाला आणि घरी येऊन बोटभर लांबीचे तुकडे करून कचऱ्यात टाका. अख्खा टाकला तर कचराडेपोवर तो दुसऱ्या पक्ष्याला अडकतो.

टाचणी

पक्ष्यांच्या गर्दीत चतुर राहून जातात. ऑक्टोबरात संध्याकाळी पाण्यावर आणि वावरांवर पिवळसर चतुरांचे ढगच्या ढग फिरतात, न बसता. हे भटके चतुर, शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसाच्या डबक्यांत यांची पिढी दीड-दोन महिन्यांत तयार होते. परतीच्या वाऱ्यावर ते भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. आमूर ससाणाही त्याच दिशेने, त्याच सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरात जातो आणि वाटेत हे चतुर खातो. कार्तिकात तारांवर लहान राखाडी, नारिंगी पायांचे ससाणे ओळीने बसलेले दिसले तर नीट बघा आणि नोंद करा.

लहान पक्ष्यांत काठावरच्या झुडपांत गप्पीदास आणि नीलकंठी, तारेवर खाटीक, उघड्या चिखलात धोबी. धोबी सप्टेंबरातच येतात. मुलांसाठी धोबी उत्तम, कारण जवळ येतो आणि सतत शेपूट हलवतो.

शेकाट्या

रविवारपेठ, दुर्बिणीबद्दल. ८×४० पुरेशी आहे, घाईने दहापट घेऊ नका, हात हलतो आणि मुलांना त्यात पक्षी सापडत नाही. लांबच्या बदकांसाठी तिवईवरचा स्कोप लागतो, २० ते ६० पटीचा. तो गाईडकडे आहे का ते आधी विचारून घ्या. वनविभागाबरोबर काम करणारे गावातले गाईड आहेत. त्यांना त्या आठवड्याची पातळी आणि कुठल्या बाजूला चिखल उघडा आहे हे माहीत असतं, आणि सगळ्यात मोलाची माहिती तीच.

वेळ: सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा जागेवर असा. सकाळी पूर्वेच्या काठावर, म्हणजे ऊन पाठीवर येईल असे उभे राहा. ऊन समोर असलं की सगळी बदकं काळी. साडेनऊनंतर ऑक्टोबरच्या उन्हाने पाण्यावरची हवा हलायला लागते, मग कितीही महागडी काच असली तरी डोळ्यावरची रेघ दिसत नाही. त्या वेळेत जवळचे पक्षी, झाडं आणि चतुर बघा, आणि पुन्हा चारनंतर पश्चिमेच्या काठावर या. डिसेंबरात हाच परिसर बऱ्याचदा राज्यात सर्वांत थंड असतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा बातम्यांत येतो तो इथलाच. पण दिवाळीत उन्हाचीच तयारी ठेवा.

फोटो काढणाऱ्यांना: पांढरे बगळे आणि चमचे गडद पाण्यावर जळून जातात. कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) दोन तृतीयांश ते एक पायरी कमी करा. ड्रोन नाही, फोनवरून पक्ष्यांचे आवाज वाजवणं नाही.

किती जवळ जायचं हे मीटरमध्ये सांगता येत नाही, पक्षीच सांगतो. चरणं थांबलं आणि माना वर झाल्या की तिथेच थांबा. माना खाली गेल्या तर ठीक. चालायला किंवा पोहून लांब जायला लागले तर दोन पावलं मागे या. उडाले म्हणजे आपण दोन इशारे चुकवले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगात ऑक्टोबरात चरबी उरलेली नसते, शिवाय पिसं बदलायची असतात. त्या दिवसांत त्याला एकदा उडवणं जानेवारीपेक्षा महाग पडतं.

तुतवार

सगळा थवा एकदम उठला आणि जवळ माणूस नसेल तर वर बघा. पाणकणसावरून संथ, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येत असतो. मादी आणि पिलू गडद तपकिरी, डोकं मलईच्या रंगाचं. तो आला की वारकरी एकत्र दाटतात आणि बदकं हवेत जातात. गडवालच्या पंखावरचा पांढरा चौकोन आणि गार्गनी नराचा फिकट निळसर खांदा बघायची संधी तीच.

दुर्बीण_आणि_वही

मोजणीबद्दल एक. थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा, मग तसे किती घास बसतात ते बघा. मोठ्या थव्याला पन्नासचा घास घ्या. मिश्र थवा असेल तर आधी एकूण आकडा, मग तीन ठिकाणी शंभर-शंभर पक्ष्यांत कोणती जात किती ते बघून हिशोब. माणूस दाट थवा कायम कमी मोजतो, हे लक्षात ठेवा. सवय दिवाळीत करा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तेव्हा हात बसलेली माणसं हवी असतात.

पट्टकादंब हंस नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे. मंगोलियात यांच्या गळ्यात अक्षरं लिहिलेल्या रंगीत पट्ट्या घालतात. पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं आणि अंक जसे आहेत तसे, तारीख, जागा लिहा आणि फोटो अंधुक आला तरी जपून ठेवा. पायातल्या कड्याला डावा की उजवा पाय, आणि सांध्याच्या वर की खाली, हेही लागतं. नोंद बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. एक अक्षर नीट दिसलं नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज लिहू नका.

रविवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मग आमचं असं ठरतंय: आदल्या दिवशी विसर्गाचा आकडा बघायचा, गाईडला फोन करायचा, सातच्या आत पोचायचं. विसर्ग सुरू असेल तर काय करू? बेत पुढे ढकलू का? आणि मुलांपुढे एखादा मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी आला तर?

कादवाकाठ

ढकलू नका. विसर्ग सुरू असेल तर सकाळी मनोऱ्यावरून बुडी मारणारे पक्षी, भोवत्या, पाणकणसातल्या पाणकोंबड्या बघा. मग रस्त्याकडेची शेततळी आणि काढणी झालेली ओली वावरं बघत परत या. चिखलपक्षी त्या दिवशी तिथेच असतील. विसर्ग थांबून पाणी उतरतंय असं गाईड म्हणाला, तर मनोरा शेवटी ठेवा आणि आधी उथळ काठ गाठा.

मान टाकलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांना तर अजिबात नाही. शरदात पाणी उतरतं, ऊन असतं, सडक्या चिखलात प्राणवायू संपतो आणि तिथे बोटुलिझमचे जिवाणू विष तयार करतात. आधी पाय आणि पंख, मग मान लुळी पडते. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांत ते विष साठतं, त्या अळ्या दुसरं बदक खातं आणि साखळी वाढत जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानात सांभर सरोवरावर हजारो पक्षी असेच गेले. एक-दोन मेलेले पक्षी वेळेवर उचलले गेले तर साखळी तिथेच तुटते. म्हणून "एकच तर आहे" असं म्हणून पुढे जायचं नाही. लांबून फोटो काढा, मोबाइलवर जागेची खूण घ्या, आसपास आणखी किती लुळे किंवा मेलेले आहेत ते मोजा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. पक्षी कुठल्या जातीचा, मान उचलू शकतो का आणि पाण्यापासून किती लांब आहे, एवढं सांगितलं तर येणाऱ्या माणसाचा वेळ वाचतो.